पावसाळ्यातही हाताला काम: कोल्हापुरात सामाजिक उद्देशाचा धंदा नफ्यात कसा चालवावा

गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या हॉटेलाची हकीकत कोल्हापुरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अस्पृश्यता पाळली जात होती त्या काळात राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्यांच्या हातचा चहा प्यायला येणार कोण, हा प्रश्न होताच. महाराज स्वतः तिथं थांबून चहा घ्यायचे आणि सोबतच्या मंडळींनाही घ्यायला लावायचे. भांडवल एकदा देऊन भागलं, गिऱ्हाईक मात्र पुन्हा पुन्हा आणावं लागलं.

मी नऊ वर्षं कोल्हापुरी चपलांचा छोटा धंदा चालवते. त्याआधीची दोन वर्षं मी नेमकी उलट चूक करत होते. वस्तीतल्या बायकांसाठी शिवणवर्ग काढला, मशिनी आणल्या, बावीस जणींना शिकवलं, प्रमाणपत्रं वाटली. शिवलेल्या पिशव्या घेणार कोण, हे कुणालाच विचारलं नव्हतं. वर्षभरात मशिनींवर चादरी पडल्या. त्या बायकांचे चेहरे आठवले की अजून वाईट वाटतं, कारण मी त्यांना खोटी आशा लावली होती. तुमच्या हातून तसं होऊ नये म्हणून हे सगळं क्रमानं आणि आकड्यांसकट लिहिते आहे. उदाहरण चपलांचं आहे, पण रीत गुळाला, शिवणकामाला, दुधाच्या पदार्थांनाही लागू पडते.

पहिली पायरी: प्रश्न ज्याचा आहे त्याच्या घरी जाऊन बसा

चपलांकडं वळले तेव्हा माझी समजूत अशी होती की कारागिरांचा प्रश्न म्हणजे कमी दर. सुभाषनगरात एका घरी बसले होते. मामा तळ कापत होते, मामी पट्ट्यासाठी चामड्याच्या बारीक वाद्यांची वेणी घालत होत्या. मी दराचं विचारलं. मामी हात न थांबवता म्हणाल्या, "ताई, दर दोन रुपयं वाढला तर कुणाला नको हाय? पण पावसाळ्यात चूल कशावर पेटवायची ते सांगा आधी."

जून ते सप्टेंबर कोल्हापुरी चप्पल फारशी खपत नाही. चामडं भिजलं की फुगतं, वाळलं की कडक होतं, ओल धरली की बुरशी येते. मग कारागीर व्यापाऱ्याकडून उचल घेतो. दिवाळीला ती फेडायची म्हणजे माल त्यालाच द्यायचा, आणि तोही तो म्हणेल त्या दरानं. कमी दर हा त्या उचलीचा परिणाम होता. मूळ दुखणं चार कोरड्या महिन्यांत होतं, म्हणजे खरं तर चार ओल्या महिन्यांत.

म्हणून आधी किमान दहा घरी जा. वही काढून प्रश्नावली भरून घेऊ नका, त्यानं माणसं सावध होतात आणि तुम्हाला आवडेल तेच सांगतात. काम बघत बसा. एका जोडाला किती वेळ लागतो, कच्चा माल कोण आणतं, पैसे कधी मिळतात, घरात ते कुणाच्या हातात पडतात, वर्षातले कुठले महिने रिकामे जातात, हे बघा. मग एकच वाक्य लिहा. माझं असं होतं: "माझ्याकडं काम करणाऱ्या घराला पावसाळ्यात उचल घ्यावी लागू नये." 'महिला सक्षमीकरण' असं लिहिलंत तर ते झालं की नाही, हे कधीच कळणार नाही.

दुसरी पायरी: उद्देश धंद्यात नेमका कुठं बसतो ते ठरवा

लोक इथं फार गोंधळतात. आधी नफा कमवू, मग त्यातला थोडा समाजाला देऊ, हे दानधर्म म्हणून चांगलंच आहे. पण वाईट वर्ष आलं की सगळ्यात आधी तेच बंद पडतं. उद्देश मालाच्या किमतीतच बसलेला हवा, म्हणजे माल विकला की काम आपोआप झालेलं असतं.

याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. लिज्जत पापडात तो काम करणाऱ्यांच्या बाजूला आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, आणि पापड लाटणाऱ्या बायकाच मालकीण राहिल्या. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात तो गिऱ्हाइकाच्या बाजूला आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ११ खाटांवर ते सुरू केलं. पैसे देऊ शकणाऱ्यांच्या फीमधून न देऊ शकणाऱ्यांची शस्त्रक्रिया होते, आणि मोठ्या संख्येमुळं एका शस्त्रक्रियेचा खर्चच खाली येतो. आपल्या इथल्या गोकुळच्या दूध संघाचं बघा. म्हैस एक असो की दहा, दूध मोजून घेतलं जातं आणि पैसे ठरल्या दिवशी मिळतात. नसीमा हुरजूक यांच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या कोल्हापूरच्या संस्थेनं सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचं काम उभं केलं, तेही अपंग व्यक्तींच्या हातांना पगाराचं काम मिळावं म्हणून.

या सगळ्या वाटांनी एकदम जाऊ नका. कारागिराला जास्त मजुरी, गिऱ्हाइकाला स्वस्त माल आणि वर पर्यावरणपूरक पॅकिंग, असं तिन्ही धरलंत तर पहिल्या वर्षीच दम लागेल.

तिसरी पायरी: पन्नास जोड विका, मग बोर्ड लावा

दया वाटून माणूस एकदाच खरेदी करतो. दुसऱ्यांदा येतो तो चप्पल चावली नाही म्हणून.

मी पहिले पन्नास जोड तीन कारागिरांकडून रोखीनं घेतले. दहा ओळखीत दिले, वीस महाद्वार रोडवरच्या आणि चप्पल लाईनमधल्या दुकानदारांना दाखवले, बाकीचे पुण्यातल्या एका प्रदर्शनात ठेवले. ओळखीच्यांनी कौतुक केलं, त्याचा उपयोग शून्य. दुकानदारांनी मात्र शिकवलं. एकानं जोड उलटा करून तळाची शिवण बघितली, अंगठा ओढून बघितला आणि म्हणाला, "आठ नंबर आणि आठ नंबर यात अर्धा बोट फरक आहे." तीन घरचे तीन साचे होते! प्रदर्शनातून परत आलेले सहाही जोड मापामुळंच आले होते.

त्या पन्नास जोडांनी तीन गोष्टी कळायला हव्यात: अनोळखी माणूस पूर्ण किंमत देतो का, परत किती येतात आणि का येतात, आणि महिन्याभरानं कुणी दुसरा जोड मागतं का. पन्नासांतले पंधरा तरी अनोळखी माणसांनी पूर्ण किमतीला घेतले नाहीत, तर माल बदला. तेव्हा कर्ज काढू नका, जागा भाड्यानं घेऊ नका.

चौथी पायरी: एका जोडाचा हिशेब

माझ्या मते सगळा धंदा इथंच तरतो नाहीतर बुडतो, म्हणून इथं थोडं थांबूया. खालचे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, करही धरलेला नाही. तुमचे आकडे तुम्ही भरा.

एका जोडाला चामडं, धागा, रंग मिळून ३२० रुपये. मजुरी २६०, त्यात वेणीचे पैसे आले. पॅकिंग ३०, वाया जाणारा आणि परत येणारा माल ३०. म्हणजे जोड पडला ६४० रुपयांना.

दुकानदाराला तो तुम्ही ९५० ला देता, हातात राहतात ३१०. थेट गिऱ्हाइकाला १,४०० ला विकता, पण कुरिअरचे ९०, जाहिरातीचे १२० आणि पैसे ऑनलाईन घेण्याचे ३० गेले की राहतात ५२०. थेट विक्री म्हणजे दुप्पट फायदा, असं कागद न मांडता वाटत राहतं.

शंभरातले साठ दुकानांत आणि चाळीस थेट गेले, तर जोडामागं सरासरी ३९४ रुपये राहतात.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. जागा ८,०००, मदतनीस १५,०००, वीज-फोन ३,०००, हिशेबनीस व कागदपत्रं ४,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार २०,०००. एकूण ५०,०००. तुमचा पगार यात लिहाच. मी पहिली दोन वर्षं लिहिला नव्हता. घरच्यांच्या पगारावर माझा धंदा चालत होता आणि मी त्याला नफा म्हणत होते.

पन्नास हजार भागिले ३९४, म्हणजे महिन्याला १२७ जोड विकले की ना नफा ना तोटा.

आता उद्देश यात घाला. मजुरी जोडामागं ६० रुपयांनी वाढवली, किंमत तीच ठेवली. हातात राहतात ३३४, आणि विकावे लागतात १५० जोड. म्हणजे तुमच्या सामाजिक कामाची किंमत महिन्याला २३ जोड एवढी आहे. हा आकडा समोर आला की बोलणं बदलतं. "आपल्याला परवडेल का?" असं विचारत बसण्याऐवजी तुम्ही २३ जोड कुठं विकायचे ते शोधायला लागता. किंवा खर्चात जागा शोधता. आम्ही सगळ्या घरी एकाच मापाचे पत्र्याचे साचे दिले, त्यानं परत येणारा माल निम्म्यावर आला आणि मजुरीवाढीचा काही भाग तिथूनच सुटला.

पाचवी पायरी: पावसाळ्याची बेगमी

वरचा हिशेब महिन्याचा झाला. आपल्याकडं वर्षाचाच मांडावा लागतो.

समजा ऑक्टोबर ते मे तुम्ही महिन्याला २०० जोड विकता. मजुरी वाढवलेली आहे. २०० गुणिले ३३४ म्हणजे ६६,८००, खर्च जाता १६,८०० उरले. आठ महिन्यांचे १,३४,४००. या आकड्यावर भुलून पुष्कळ जण एप्रिलमध्ये मोठी जागा घेतात. पुढं पावसाळा येतो. विक्री ६० जोडांवर येते, हातात २०,०४० पडतात, महिन्याला २९,९६० ची खोट बसते. चार महिन्यांत १,१९,८४० गेले. वर्षअखेर राहिले १४,५६० रुपये.

म्हणजे चांगल्या महिन्यांतला सव्वा लाख हा नफा नव्हताच. उन्हाळ्यात सांडगे-पापड करून डबे भरून ठेवतो तशी ती बेगमी होती. तिच्यासाठी बँकेत वेगळं खातं काढा आणि दर महिन्याच्या पाच तारखेला १५,००० तिथं टाका. आठ महिन्यांत १,२०,००० होतात, पावसाळ्याची खोट बरोबर भरून निघते.

पण यानं धंदा जगला, मामींची चूल कशी पेटेल? त्यासाठी पावसाळ्यात काम लागतं. आम्ही वेण्या, पट्टे, कातरकाम असं जोडणीआधीचं काम जून ते ऑगस्टमध्ये आणलं. ते घरात बसून होतं, माल थोड्या जागेत मावतो. तो कोरड्या खोलीत, जमिनीपासून उंच फळ्यांवर, हवा खेळती राहील असा ठेवावा लागतो आणि आठवड्याला उलटापालटा करावा लागतो. पहिल्या वर्षी मी प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गच्च बांधून ठेवला आणि गणपतीत उघडला तेव्हा पांढरी बुरशी होती. शिवाय चामड्याचे कमरेचे पट्टे आणि किचेन सुरू केले, ते पावसाशी बांधलेले नाहीत. त्यांत फार पैसा नाही, पण हाताला काम आहे.

अडीचशे जोडांच्या वेण्या-पट्टे आधी करून ठेवायचे तर जोडामागं ८० रुपये धरले तरी २०,००० रुपये मजुरीत अडकतात, चामड्याचे वेगळे. हे खेळतं भांडवल आहे. पहिलं कर्ज काढायचं तर यासाठी काढा, मशीनसाठी नको.

सहावी पायरी: उधारी

मजुरी दर आठवड्याला, बाजाराच्या आदल्या दिवशी, न चुकता. हा नियम मोडलात तर कारागीर परत उचलीकडं जाईल आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

दुकानदार मात्र महिना-दोन महिने लावतो. बाहेरगावच्या एका दुकानानं दिवाळीचा सगळा माल घेऊन संक्रांतीपर्यंत पैसे दिले नाहीत, तेव्हा मी सोनं गहाण ठेवून मजुरी भागवली होती. त्यानंतर शिकले. सरकारच्या संकेतस्थळावर उद्यम नोंदणी करा, ती मोफत असते. सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे लेखी करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असं २००६ चा कायदा सांगतो. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं, आणि तक्रारीसाठी सरकारचं ऑनलाईन पोर्टल आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून एक गोष्ट आणखी झाली आहे: मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही. मी बिलावर उद्यम क्रमांक आणि ही मुदत छापते. भांडायची वेळ क्वचितच येते. नव्या दुकानाकडून निम्मे पैसे आगाऊ घेते, आणि एकाच दुकानाला एकूण मालाच्या चौथाईपेक्षा जास्त देत नाही.

नोंदणी कुठली करावी

लोक इथून सुरुवात करतात, म्हणून मी मुद्दाम इतक्या उशिरा आले. पहिलं वर्ष-दीड वर्ष एकट्याच्या नावावरचा व्यवसाय आणि उद्यम नोंदणी पुरते. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची कंपनी काढली तर देणग्या घेणं सोपं जातं, पण नफा भागधारकांना वाटता येत नाही. ज्याला गुंतवणूकदार हवा आहे त्यानं हे आधी समजून घ्यावं. कारागीरच मालक व्हावेत असं वाटत असेल तर उत्पादक कंपनी आहे. तिला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात. सहकारी संस्था आपल्या जिल्ह्याच्या अंगात मुरलेली आहे, पण निवडणुका आणि गटबाजीही त्याबरोबर येते. माणसं एकमेकांना ओळखून विश्वास बसल्यावरच तिकडं जा. मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणी साधारणपणे वर्षाच्या ४० लाखांनंतर लागते, पण ऑनलाईन किंवा परराज्यात विकणार असाल तर हिशेबनिसाला आधी विचारा.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. त्याचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा, आणि आपल्या कारागिरांचीही करून घ्या. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत पादत्राणं करणारे कारागीर येतात. अवजारांसाठी १५,००० रुपये आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, मग २ लाखांपर्यंत कर्ज, अशी ती योजना आहे. हे कारागिराच्या स्वतःच्या नावावर होऊ द्या. त्याचं कर्ज तुमच्यामार्फत आलं, तर तुम्हीच नवे उचल देणारे झालात.

गोष्ट सांगताना

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, तेव्हा सगळा जिल्हा चिडला आणि ते योग्यच होतं. मग आपण आपल्या कारागिराचं नाव घेतो का, हेही बघायला हवं. आमच्या प्रत्येक जोडाबरोबर चिठ्ठी असते. तळ कुणी केला, वेणी कुणी घातली, दोन्ही नावं, त्यांना विचारून. वेणीवालीचं नाव लिहायचं हे एका कारागिराला पटलं नव्हतं. पहिल्या चिठ्ठ्या छापून आल्या तेव्हा त्याच्या घरच्या माउलीनं एक चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवली.

पण पडक्या घराचे, रडक्या चेहऱ्याचे फोटो टाकून विकू नका. त्यानं पंधरा दिवस विक्री वाढते आणि माणूस कायमचा दुखावतो. चप्पल कशी शिवतात ते दाखवा, दुरुस्ती करून द्या. अंगठा तुटला तर वर्षभर फुकट, असं आम्ही लिहून देतो.

काम होतंय की नाही ते मोजा

आमच्या भिंतीवर तीन आकडे आहेत. माणशी एका दिवसाची सरासरी कमाई, वर्षात कामाचे दिवस, आणि या पावसाळ्यात उचल घ्यावी लागलेली घरं. दर महिन्याला सगळे बसून ते बदलतो. नफ्याचं वाटपही आधीच लिहून ठेवलं आहे: निम्मा धंद्यात, तीस टक्के दिवाळीला कामाच्या प्रमाणात सगळ्यांना, वीस टक्के बेगमीच्या खात्यात. नफा होण्याआधीच हे ठरवा, पैसे समोर आल्यावर फार अवघड जातं.

एक नियम मी एकटीनं केला होता, आता तो सगळ्यांचा आहे: ठरलेली मजुरी निघत नाही ती ऑर्डर घ्यायची नाही. गेल्या वर्षी हजार जोडांची एक ऑर्डर याच कारणानं सोडली. आठ दिवस झोप लागली नाही. पण हिशेब मांडला तेव्हा त्या हजार जोडांत जोडामागं ४१ रुपये आमच्याच खिशातून जात होते.

कधी सुरू करावं

जूनमध्ये. उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या तोंडावर कारागिराला तुमच्याशी बोलायला सवड नसते. पाऊस लागला की त्याला वेळ असतो, आणि त्याची खरी अडचण तुमच्या डोळ्यांसमोर असते. जून-जुलैत घरोघरी बसा, ऑगस्टमध्ये माप आणि साचे पक्के करा, गणपतीत पाच-दहा नमुने पायात घालून स्वतः फिरा. घटस्थापनेपासून अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावचे लोक लोटतात, तेव्हा तुमचे पन्नास जोड तयार असू द्या. आणि त्यातल्या वेण्यांचे पैसे जुलैतच चुकते केलेले असू द्या.